पेटीतल्या चार डिस्क आणि गटाचा हिशेब



प्रभागसंघाच्या कार्यालयात, पतसंस्थेत, दूध डेअरीत नाहीतर लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या स्टुडिओत कधी गेलात, तर संगणकाच्या टेबलाखाली किंवा कपाटावर एक काळी पेटी दिसू शकते. भाकरीच्या डब्याएवढी. पुढे तीन-चार हिरवे दिवे, मागे घुर्र करणारा पंखा. आमच्यासारख्या सामुदायिक रेडिओलाही अशी पेटी लागते, कारण प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा असा सरकारी नियमच आहे. त्या पेटीत काय आहे म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "सगळं त्यातच आहे ताई. काळजी नका करू. चार डिस्क आहेत, एक गेली तरी काही होत नाही."

हे वाक्य अर्धं खरं आहे. एक गेली तर चालतं, हा खरा अर्धा भाग. राहिलेला अर्धा भाग कोणी सांगत नाही, आणि पेटी बंद पडते तेव्हा नेमकं त्याच्याचपायी नुकसान होतं. म्हणून आज त्या पेटीविषयी बोलू. ती कशी चालते, कशी मरते, मेल्यावर तिच्यातून माहिती परत काढता येते का, आणि पहिल्या तासात काय करायचं नाही.

हे आपल्या कामाचं कसं, असं कोणी म्हणेल. तर बघा. नाबार्डने २०१५ साली बचत गटांचे हिशेब संगणकावर नेण्याचं ई-शक्तीचं काम सुरू केलं, तेव्हा देशातले पहिले दोन जिल्हे होते झारखंडमधला रामगढ आणि आपल्या महाराष्ट्रातला धुळे. आता उमेदच्या गटांची माहिती लोकॉस ॲपवर भरली जाते. ती सरकारी सर्व्हरवर जाते, तिची काळजी त्यांची. पण गावपातळीवर त्याशिवाय कितीतरी गोष्टी साठतात. कर्जाचे अर्ज, ठरावांचे फोटो, आधार कार्डाच्या प्रती, प्रशिक्षणाचे व्हिडिओ, डाळमिलचा नाहीतर पापड उद्योगाचा खरेदी-विक्रीचा हिशेब. ते सगळं कार्यालयातल्या संगणकात नाहीतर त्या पेटीत.

आणि नोंद म्हणजे पैसा, हे यवतमाळच्या बायकांना वेगळं सांगायला नको. बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द केला. अशा वेळी ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतचं विम्याचं संरक्षण असतं. पण ते कोणाला किती द्यायचं हे ठरतं बँकेच्या खात्यांमधल्या नोंदींवरून. नोंद असेल तर हक्क दाखवता येतो. नोंदच नसेल तर तोंडी सांगून कोण ऐकणार?

आता पेटी उघडून बघू. म्हणजे मनातल्या मनात. खरी उघडायची नाही, ते पुढे सांगतो.

आत असतात हार्ड डिस्क. एका हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात आणि त्या मिनिटाला पाच-सात हजार वेळा फिरतात. त्यांच्यावरून एक बारीक सुई फिरते. तिला हेड म्हणतात. हेड चकतीला टेकत नाही, वाऱ्याच्या पातळ थरावर तरंगतं. ते अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी. म्हणून चालू डिस्कला धक्का लागला, ती पडली, की हेड चकतीवर आपटतं आणि माहिती खरवडून निघते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, लाईन दिवसातून चारदा जाते, येते तेव्हा झटका देऊन येते. त्यातून पेटी भिंतीला चिकटून, पंख्यापुढे फायलींचा ढिगारा. असल्या हालात डिस्क किती दिवस काढेल?

चांगल्या हालातही ती मरतेच. बॅकब्लेझ नावाची अमेरिकेतली कंपनी लाखो हार्ड डिस्क चालवते आणि किती बिघडल्या याचा हिशेब लोकांपुढे ठेवते. थंड खोलीत, अखंड विजेवर, वर्षाला शंभरातल्या साधारण एक ते दोन बिघडतात. कमी वाटतं. पण ती एक आपली असली की आपल्यापुरतं नुकसान शंभर टक्के.

यावर उपाय काढला कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या तिघांनी. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलं की एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र बांधा, आणि एक मेली तर बाकीच्यांनी तिची माहिती सांगावी अशी सोय करा. या पद्धतीला रेड म्हणतात. रेड या इंग्रजी नावातला एक शब्द मुळात 'स्वस्त' असा होता. विकणाऱ्यांना तो काही आवडला नाही. पुढे त्याच्या जागी 'स्वतंत्र' असा शब्द आला.

बाकीच्या डिस्क मेलेलीची माहिती कशी सांगतात, हे कळायला गटाची बैठक डोळ्यांपुढे आणा.

समजा तीन बायकांची बचत आहे. सुमनताई २०० रुपये, लक्ष्मीताई १५०, कमलताई ३००. प्रत्येकीची वही तिच्या घरी. चौथी वही सचिवताईंकडे, तिच्यात फक्त एकूण, ६५०. आता लक्ष्मीताईंची वही उंदरांनी कुरतडली. काही बिघडलं का? नाही. ६५० मधून २०० आणि ३०० वजा करा, १५० उरले. लक्ष्मीताईंचा आकडा वही नसताना मिळाला. सचिवताईंची एकूणची वही गेली तर तिघींची बेरीज करून ती पुन्हा लिहिता येते. कोणतीही एक वही जाऊ द्या, उरलेल्या तीन तिला परत आणतात.

पण लक्ष्मीताई आणि कमलताई, दोघींच्याही वह्या गेल्या तर? ६५० मधून २०० गेले, ४५० राहिले. दोघींचे मिळून ४५०, एवढंच कळलं. त्यातले कोणाचे किती, हे ब्रह्मदेव आला तरी सांगू शकत नाही.

पेटीतल्या डिस्क हेच करतात. संगणकाला फक्त शून्य आणि एक कळतात, म्हणून तो बेरजेऐवजी सम की विषम एवढंच लिहून ठेवतो. आणि एकूणची वही एकाच डिस्कवर न ठेवता पानापानाला जागा बदलतो, म्हणजे एकाच डिस्कवर सगळा भार पडत नाही. या रचनेला रेड पाच म्हणतात. रेड सहामध्ये दोन वेगवेगळे एकूण असतात, त्यामुळे दोन डिस्क मेल्या तरी चालतं. रेड एक म्हणजे आरसा, दोन डिस्कवर तंतोतंत तेच. आणि रेड शून्य म्हणजे एकूणची वहीच नाही. जास्त जागा मिळावी, काम वेगाने व्हावं म्हणून दोन डिस्क नुसत्या जोडलेल्या. त्यातली एक गेली की दोन्ही गेल्या. पेटी विकत घेताना दुकानदाराला हे विचारून घ्या, कारण बाहेरून या सगळ्या पेट्या सारख्याच दिसतात.

आता पेटी मरते कशी ते पाहू. एका दिवसात मरत नाही.

समजा दिवाळीत एक डिस्क बंद पडली. हिरव्याचा दिवा लाल झाला, पेटी टीं टीं वाजायला लागली. कोणीतरी वैतागून बटण दाबलं, आवाज बंद. फायली उघडताहेत, छपाई होते आहे, मग कशाला लक्ष द्यायचं? पेटी त्या दिवसापासून एका वहीवाचून चालते आहे. तिचा आकडा दर वेळी वजाबाकी करून काढते आहे. संक्रांतीला दुसरी डिस्क जाते, आणि मग सगळं एकदम नाहीसं होतं. लोक म्हणतात, एकाच दिवशी दोन कशा गेल्या हो? एकाच दिवशी नाही गेल्या. पहिली गेली तेव्हा पेटी ओरडून सांगत होती.

दुसरी जाण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते जरा विचित्र आहे. बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवीन घातली की पेटी नव्या डिस्कवर जुनी माहिती मोजून मोजून लिहायला लागते. याला रिबिल्ड म्हणतात. त्यासाठी बाकीच्या सगळ्या डिस्क पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचाव्या लागतात. आठ टीबीची डिस्क असेल तर न थांबता १२ ते १५ तास, मध्ये कार्यालयाचं काम चालू असेल तर दोन दिवससुद्धा. बाकीच्या डिस्क बहुधा त्याच दिवशी, त्याच खोक्यातून आलेल्या, तितकीच वर्षं तितकाच उन्हाळा सोसलेल्या. आतापर्यंत न वाचलेल्या कोपऱ्यात कुठे खराब जागा झाली असेल तर ती नेमकी या वाचनात सापडते. म्हाताऱ्या बैलाला शेवटच्या दिवशी दुप्पट वखरणी लावावी तसं होतं. म्हणून डिस्क बदलायच्या आधी, पेटी अजून चालते आहे तोवर, सगळ्यात महत्त्वाच्या फायली दुसरीकडे काढून घ्या. त्यानंतर रिबिल्ड.

आणि पेटी बंद पडलीच तर?

पहिलं काम, तिचा वीजपुरवठा बंद करा. बिघडलेली डिस्क जितकी फिरेल तितकी जास्त खरवडली जाईल. टक-टक असा आवाज येत असेल तर एक मिनिटही चालू ठेवू नका. पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघायचा मोह होतो. तो आवरा.

मग डिस्क बाहेर काढायच्या आधी पेटीचा समोरून फोटो घ्या आणि प्रत्येक डिस्कवर कागदी पट्टी चिकटवून आकडा लिहा. डावीकडून एक, दोन, तीन, चार. ही पाच मिनिटांची गोष्ट आहे. माहिती चारही डिस्कवर पाळीपाळीने तुकड्यातुकड्याने लिहिलेली असते. हा क्रम हरवला तर परत काढणाऱ्याला तो शोधत बसावं लागतं, आणि त्याचा वेळ म्हणजे आपला पैसा.

काय करायचं नाही, हे त्याहून मोठं आहे. पडद्यावर इनिशियलाइज, फॉरमॅट, रिबिल्ड असे शब्द आले तर हो म्हणू नका. एखादा हौशी भाचा पेटीतली डिस्क काढून विंडोजच्या संगणकाला लावतो, विंडोजला त्या डिस्कची भाषा कळत नाही, म्हणून ते विचारतं, ही डिस्क फॉरमॅट करू का? भाचा हो दाबतो. पेटी मेली होती, माहिती जिवंत होती. त्या एका दाबण्याने ती अर्धी गेली. तसंच फ्रीजमध्ये डिस्क ठेवायची, तांदळाच्या डब्यात ठेवायची, स्क्रू काढून आत फुंकर मारायची, असले उपाय कोणी सांगितले तर हात जोडून नाही म्हणा. चकतीवर बसलेला धुळीचा एक कण त्या हेडपुढे रस्त्यातल्या धोंड्याएवढा असतो. डिस्क उघडायचीच झाली तर ती धूळ गाळलेल्या स्वच्छ खोलीत, आणि ते काम प्रयोगशाळेचं.

आता एक दिलासा देणारी गोष्ट. पेटी मेली म्हणजे डिस्क मेल्या असं नाही. पुष्कळदा झटक्याने पेटीतली पाटी जळते, नाहीतर तारेचा जोड सैल होऊन दोन डिस्क एकदम गायब झाल्यासारख्या दिसतात. डिस्क धडधाकट असतात. अशा लहान पेट्यांमध्ये बहुतेक वेळा लिनक्स असतं, त्यामुळे जाणकार माणूस त्या डिस्क साध्या लिनक्स संगणकाला लावून, नुसत्या वाचायच्या बोलीवर, सगळं काढून देऊ शकतो.

जाणकार माणूस नेमकं काय करतो, तेही समजून घेऊ. म्हणजे कोणी गंडवणार नाही.

तो मूळ डिस्कवर काम करतच नाही. आधी प्रत्येक डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढतो, चांगल्या भागाची आणि खराब भागाचीही. यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्याची रीत शहाण्या बाईच्या कापूस वेचणीसारखी आहे. आधी शेतभर फिरून सहज निघणारी बोंडं वेचायची, अडलेल्या झाडापाशी वेळ घालवायचा नाही, आणि शेवटी मागे राहिलेल्या झाडांकडे पुन्हा पुन्हा जायचं. यामुळे डिस्क मध्येच मेली तरी बहुतेक माल आधीच घरात आलेला असतो. नक्कल झाली की मूळ डिस्क कपाटात. पुढची सगळी खटपट नकलांवर. चुकलं तर पुन्हा नक्कल घ्यायची.

मग येतो क्रम लावायचा आणि शिळी डिस्क ओळखायचा भाग. हा आम्हाला या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुन्हा आपल्या चार वह्यांकडे या. दिवाळीत कमलताईंची वही थांबली. तेव्हा त्यांचे २५० होते. पुढे त्या पैसे देत राहिल्या, ३०० झाले. एकूणच्या वहीत ते धरले गेले, पण कमलताईंच्या वहीत २५० वरच गाडी उभी. संक्रांतीला लक्ष्मीताईंची वही फाटली. आता कोणी घाईने हिशेब लावला, ६५० वजा २०० वजा २५०. लक्ष्मीताईंचे आले २००. खरे होते १५०. आणि हा २०० आकडा दिसायला अगदी नीट दिसतो, कोणाला संशयही येत नाही.

पेटीतही असंच होतं. आधी बंद पडलेल्या डिस्कवर दिवाळीपर्यंतची जुनी माहिती आहे. ती चालू होते, फिरते, निरोगी दिसते. नुकतीच बिघडलेली डिस्क कण्हते आहे, पण तिच्यावर संक्रांतीपर्यंतचं ताजं सगळं आहे. अडाणी माणूस निरोगी दिसणारी शिळी डिस्क धरून बसतो आणि आजारी ताजी डिस्क टाकून देतो. फायलींची नावं सगळी दिसतात, उघडल्या तर फोटो अर्धा राखाडी, हिशेबाच्या तक्त्यात भलतेच आकडे. जाणकार माणूस उलट करतो. शिळी बाजूला ठेवतो, आजारी डिस्कची जमेल तितकी नक्कल काढतो, आणि बाकीच्यांच्या आधाराने रचना बांधतो. ती बरोबर बांधली की नाही हे बघायला तो एक मोठी फाइल उघडतो, तासाभराचं रेकॉर्डिंग नाहीतर मोठा व्हिडिओ. मोठी फाइल सगळ्या डिस्कवर पसरलेली असते. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता वाजली तर क्रम बरोबर. म्हणून त्याला नुसतं "डिस्क आणल्या" असं सांगू नका. पहिला लाल दिवा कधी लागला, कोणत्या नंबरच्या डिस्कचा, नंतर कोणी काय दाबलं, हे तारीखवार कागदावर लिहून न्या. दवाखान्यात ताप कधीपासून आहे ते सांगतो, तसंच.

खर्चाचं म्हणाल तर तो एकसारखा नसतो. नुसता क्रम लावायचा असेल तर थोडा, डिस्क उघडून हेड बदलायचे असतील तर पुष्कळ, आणि जितक्या डिस्क तितका वाढता. मोठ्या शहरांत अशी कामं करणारे आहेत. कोणाकडेही गेलात तरी आधी लेखी अंदाज मागा. माहिती मिळाली नाही तर किती पैसे लागतील, ते विचारा. पैसे देण्याआधी मिळालेल्या फायलींची यादी बघा, त्यातल्या चार स्वतः उघडून बघा. परत मिळालेली माहिती त्याच जुन्या डिस्कवर लिहून घेऊ नका, नवीन डिस्क न्या. आणि तुमच्या गटाच्या बायकांचे आधार क्रमांक, बँक खाती त्यात आहेत, म्हणून त्याने स्वतःकडे नक्कल ठेवणार नाही असं लिहून घ्या. काम करणारा खरा असेल तर याला तो चिडत नाही.

इथवर डिस्क मरण्याचं बोललो. पण पेटीला एक मोठा दोष आहे. ती अतिशय आज्ञाधारक आहे. तुम्ही चुकून एखादी फाइल पुसली तर ती चारही डिस्कवरून इमानाने पुसते. व्हायरसने सगळं कुलूपबंद केलं तर तेही चारही डिस्कवर. पेटी चोरीला गेली, तिच्यावर पाणी पडलं, तर चारही डिस्क एकाच घरात होत्या. आपल्या सासवा बियाणं राखेत घालून मडक्यात ठेवत. दोन मडकी भरली तरी ती एकाच घराच्या उतरंडीला असली तर घर पेटल्यावर दोन्ही जातात. म्हणून थोडं बी माहेरी, थोडं जावेच्या घरी. जुलै २०२३ च्या पुरात महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली होती. घरात पाणी शिरल्यावर टेबलाखाली ठेवलेल्या पेटीत दोन डिस्क आहेत की आठ, याने काय फरक पडतो?

मोठमोठ्यांकडूनही हे सुटतं. दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारी संगणक केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. बॅटऱ्या हलवताना पेट घेतला. सरकारी कर्मचारी ज्या साठ्यात आपली कागदपत्रं ठेवत होते तो ८५८ टीबीचा साठा जळाला, आणि त्याची दुसरीकडे नक्कल नव्हती. आपल्या राज्यातही एप्रिल २०१३ मध्ये लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या तोंडावर उमेदवारांनी ऑनलाइन भरलेली माहिती गेली. अर्ज केलेल्या मुलामुलींना माहिती पुन्हा भरायला सांगावं लागलं आणि ७ एप्रिलची परीक्षा १८ मे वर गेली. खेड्यातून शहरात खोली घेऊन अभ्यास करणाऱ्या मुलीला दीड महिन्याचं भाडं आणि खानावळ म्हणजे काय, हे तिच्या आईला विचारा.

उलट बाजूची एक गोष्ट आम्हाला फार आवडते, आणि ती एका बाळंतिणीची आहे. अमेरिकेत पिक्सार नावाची कंपनी कार्टून सिनेमे काढते. १९९८ मध्ये टॉय स्टोरीचा दुसरा भाग तयार होत असताना कोणाच्यातरी हातून पुसून टाकायची आज्ञा चुकीच्या जागी दिली गेली आणि सिनेमाचा बहुतेक भाग डोळ्यांदेखत नाहीसा झाला. कंपनीकडे राखीव प्रती होत्या. त्या काढून बघितल्या तर त्या काही आठवड्यांपासून नीट निघतच नव्हत्या, आणि कोणी उघडून पाहिल्या नव्हत्या. तेव्हा गॅलिन सुसमन या बाईंना आठवलं की आपल्या घरी एक प्रत आहे. नुकतं बाळ झालेलं असल्याने त्या घरून काम करत होत्या, आणि त्यासाठी त्यांच्या घरच्या संगणकावर सिनेमाची नक्कल येत राहायची. तो संगणक गोधड्यांत गुंडाळून, गाडीत बसवून, हळूहळू कंपनीत आणला. सिनेमा वाचला.

आपल्याकडचं उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. काही हाताने लिहिलेल्या, काही टेपवर ध्वनिमुद्रित केलेल्या, मग संगणकावर टंकलेल्या. ते दोघेही आज नाहीत. पण त्यांचं काम एका कपाटात, एका डिस्कवर अडकलेलं नव्हतं. आज पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या परी या संग्रहात त्या ओव्या वाचता येतात, ऐकता येतात. ज्यांनी त्या गायल्या त्यातल्या कितीतरी आजी आता गेल्या. हिशेबाचा आकडा हरवला तर बँकेतून, पावतीवरून, आठवणीतून पुन्हा जुळवता येईल. गेलेल्या आजीचा आवाज कुठून जुळवणार? आमच्या रेडिओच्या पेटीत गोंडी, कोलामी, बंजारा बोलीतली गाणी ठेवताना म्हणूनच आम्ही त्यांना हिशेबाच्या फायलींहून जास्त जपतो. नियमाप्रमाणे तीन महिने ठेवलं की झालं, असं त्यांच्या बाबतीत आम्ही मानत नाही.

तर आपल्या गटाने करायचं काय? संगणकवाल्यांचा एक साधा हिशेब आहे. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. पेटी ही त्यातली एकच प्रत. चार डिस्क असल्या तरी एकच. दुसरी प्रत, दर महिन्याच्या बैठकीनंतर बाहेरच्या डिस्कवर काढायची आणि ती डिस्क संगणकाला जोडून ठेवायची नाही. काढून, पिशवीत घालून, दुसऱ्या गावातल्या पदाधिकाऱ्याच्या घरी. पुढच्या महिन्यात दुसरी डिस्क जाते, पहिली परत येते. दोन डिस्क लागतात, चार पेट्या नाही. आणि तिसरी प्रत तुमच्याकडे आधीच आहे. गटाची वही. ॲप आलं म्हणून वह्या लिहायच्या बंद करा असं कोणी म्हणालं तर आम्ही तरी म्हणू, थांबा. शाईने लिहिलेल्या वहीला व्हायरस लागत नाही, लाईन गेली तरी ती उघडते, आणि तिच्यात सह्या असतात. वहीच्या पानांचे फोटो त्या डिस्कवर, असं दोन्ही ठेवा.

वर्षातून दोनदा, समजा पोळ्याला आणि होळीला, त्या राखीव डिस्कवरच्या पाच फायली दुसऱ्याच संगणकावर उघडून बघा. पिक्सारवाल्यांनी हेच केलं नव्हतं. पेटीवर कागद चिकटवा, कोणता दिवा लाल झाला तर कोणाला फोन करायचा, आणि आवाज बंद करणाऱ्याने तारीख लिहून सही करायची.

शेवटचं, मेलेल्या डिस्कविषयी. नवीन आली की जुनी भंगारवाल्याला किलोवर जाते. देऊ नका. चालत नसली तरी तिच्या चकत्यांवर तुमच्या गटातल्या बायकांची नावं, खाती, आधार क्रमांक जसेच्या तसे असतात, आणि आताच सांगितल्याप्रमाणे ते परत काढणारे लोक आहेत. माहिती सगळी मिळाली याची खात्री झाल्यावर गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात न्या, ड्रिलने आरपार चार-पाच भोकं पाडून घ्या. काहींच्या चकत्या काचेच्या असतात, त्यांचे तुकडे उडतात. म्हणून डोळ्यांवर चष्मा, आणि लेकरांना जवळ येऊ द्यायचं नाही. मग खुशाल भंगारात द्या.